जबलपुरात कुणाकुणाला राम राम

जबलपूरला जाऊन आले आणि धुवांधार धबधबा पाहिला नाही, असं सांगितलं की लोक माझ्याकडे दयेनं पाहतात. संगमरवरी खडक? नाही. नावेतली फेरी? तीही नाही. मग चार दिवस तिथं केलं तरी काय, असं विचारतात. तर आम्ही रस्ता ओलांडला, वाटाणे सोलले आणि एका खानावळीत ताट घेऊन रांगेत उभे राहिलो. एवढ्यासाठी परक्यांची तीन लेकरं घेऊन कुणी आगगाडीत बसतं का, असं माझ्या नवऱ्यानंही विचारलं होतं. त्याला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, ते इथं देते.

आमचं गाव गोंदियाच्या पलीकडे, जंगलाला पाठ टेकून बसलेलं. उंबरे एक्केचाळीस. शाळा पाचवीपर्यंत, शिक्षक दोन, आणि पाचवीच्या वर्गात मुलं तीन: प्रणय, आचल आणि त्रिवेणी. परिसर अभ्यासाच्या तासाला दाट वस्तीच्या शहरातलं रोजचं जीवन शिकवायची वेळ आली. मी फळ्यावर चौक काढला, सिग्नल काढला, चार मजली इमारत काढली आणि सांगितलं की अशा एका इमारतीत आपलं निम्मं गाव मावेल. प्रणयला ती थाप वाटली. आचलला लिफ्ट मध्येच अडकली तर काय, ही काळजी लागली. त्रिवेणीनं विचारलं, “मॅडम, इतके लोक रस्त्यानं जाऊन राहिले, तं सगळ्यायले राम राम कसा करतात? दिवस पुरते का?”

बाकीच्या दोघांनाही तो प्रश्न बरोबर वाटला. आमच्या गावात वाटेत माणूस भेटला आणि राम राम न करता पुढं गेलं, असं होत नाही. बांधावरून भांडण असलं तरी तोंड वाकडं करून का होईना, राम राम करायचाच. लहानानं आधी करायचा, मोठ्यानं घ्यायचा. अपवाद एकच, घरच्या माणसाला राम राम करत नाहीत. आईबापाला, आज्याला, भावंडांना कसला राम राम? तो बाहेरच्यांसाठी. त्रिवेणीचे आजोबा सोमाजी या बाबतीत फार कडक. ‘माणूस दिसला का आधी राम राम, मंग काम,’ हे वाक्य नातीनं अंगणवाडीत असतानाच पाठ केलेलं.

मुलांनी मोबाइलमध्ये शहर पाहिलं होतं, पण मोबाइलमधल्या माणसांना कुणी राम राम करत नाही. फळ्यावर खडूनं उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. माझी मोठी बहीण जबलपुरात असते, संक्रांतीला जोडून सुट्टी होती. तिन्ही घरांनी संमती लिहून दिली आणि आम्ही निघायचं ठरवलं.

खरं सांगायचं तर या जाण्याला आणखी एक कारण होतं. त्रिवेणीचे वडील तीन वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून तिची आई ललिता जबलपुरात एका खानावळीत कामाला आहे. दिवाळीला आणि उन्हाळ्यात गावी येते. आमच्याकडे पाचवी संपली की सहावीची शाळा चार किलोमीटरवर, मध्ये नाला, आणि पावसाळ्यात तो नाला शाळेपेक्षा कडक हजेरी घेतो. जूनमध्ये मुलीला आपल्याकडे न्यायचं ललिताच्या मनात होतं. सोमाजींचं मन होईना. निघायच्या आदल्या दिवशी ते सुनेसाठी पोह्यांची पिशवी घेऊन शाळेत आले आणि ओट्यावर बसले.

“मॅडम, तुमी डोळ्यानं पाह्यून या,” ते म्हणाले. “पोरगी तिथं टिकल का? तुमी हो म्हनलं तं धाडतो. नाही म्हनलं तं राहू द्या माझ्यापाशी. नाल्यातून मी नेऊन देईन रोज.”

हे बोलताना त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, कारण ओट्यावरून उठायलाही त्यांना हात लावावा लागतो. मी बरं म्हटलं. बाई झाले म्हणून मुलांना गुण देते, पण एका मुलीनं आईजवळ राहायचं की आजोबांजवळ, हे मी ठरवायचं म्हणजे फारच झालं. आगगाडीत मला त्याच विचारानं डुलकी लागली नाही.

नेपियर टाउन, पहिली संध्याकाळ

माझी बहीण सुमनताई नेपियर टाउनमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते. भाऊजी फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यांची नात पीहू नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतून येतं. “मैं समझती हूँ, बस बोल नहीं पाती,” असं तिनं आल्याआल्या स्वतःच सांगून टाकलं.

“अच्छा, तर हे आहेत तुझे विद्यार्थी,” भाऊजी म्हणाले. “चलो, बसा. काहून उभे आहा? चप्पल तिकडे ठेवा.”

मुलं उभी होती, कारण घराचं दार आतून बंद केलेलं त्यांना पाहवत नव्हतं. आमच्याकडे दार बंद म्हणजे घरी कुणी नाही, नाहीतर घरात काही वाईट झालंय. आचलनं हळूच मला विचारलं, “मॅडम, यायच्या घरी काही झालं का?” त्यात डोक्यावर धपधप आवाज आला. प्रणयनं वर पाहिलं. “छतावरून कोन चालून राहिला?” वरच्या मजल्यावर दुसरं घर आहे, आणि आपलं छत ही त्यांची जमीन आहे, हे कळल्यावर तो खाली वाकून आपल्या पायाखालची फरशी पाहू लागला. त्यानंतर चार दिवस तो त्या घरात मांजरासारखा चालला. खालच्या माणसांना त्रास नको म्हणून. दाट वस्तीत कसं राहायचं याचा पहिला धडा त्याचा त्यानंच घेतला आणि मी मधे बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फजिती झाली. खालून गाणं वाजायला लागलं तशी तिन्ही मुलं वरात आली म्हणून जिना उतरून धावली. मी मागोमाग, केस मोकळे, खांद्यावर टॉवेल. खाली कचऱ्याची गाडी उभी होती. गाडीवाला भैया खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाला, “दीदी, कचरा?” आमच्याकडे कचरा नव्हता. त्रिवेणीनं हात जोडले, “राम राम.” तो हसला. “राम-राम बिटिया,” म्हणाला आणि गेला. तिचा चेहरा उजळला. शहरातही चालतं म्हणायचं, असं तिला वाटलं असावं.

कमानिया गेट

सकाळी पोहे-जिलबी खाऊन आम्ही कमानिया गेटकडे निघालो. वाटेत पीहूनं रस्ता ओलांडायचा पाठ दिला. मी शाळेत तीस वर्षं झेब्रा पट्ट्या काढते आहे, पण त्या पट्ट्या इथं पुसट झाल्या होत्या. पीहूनं आचलचा हात धरला, दुसरा हात गाड्यांपुढं धरला आणि सरळ चालू लागली. “हाथ दिखाओ और चलते रहो,” ती म्हणाली. “बीच में रुके तो गड़बड़।” त्रिवेणी नेमकी मधे थांबली. स्कूटरवाल्या काकांना राम राम करायला. काकांनी ब्रेक मारला, मागच्या ई-रिक्शानंही मारला, आणि पुढं काय काय झालं ते मी लिहीत नाही. मी तिला दंडाला धरून पलीकडे नेलं आणि पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले.

कमानियाच्या त्या जुन्या दरवाजाखालून सगळं शहर एकाच वेळी जायला निघालेलं असतं. बांगड्या, भांडी, कापड, हातगाड्या, आणि त्यातून वाट काढणारी माणसं. त्रिवेणीनं एका बाजूनं सुरुवात केली. राम राम. राम राम. राम राम. प्रणय बोटांवर मोजत होता. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, कुणी पाहून पुढं गेलं, एका बाईनं आपली पर्स पोटाशी धरली. एका म्हाताऱ्या बांगडीवाल्यानं मात्र हातातलं काम ठेवून उत्तर दिलं, “राम-राम बिटिया, कहाँ से आई हो?” प्रणयचा हिशोब शेवटी असा झाला: गेलेले राम राम चौपन्न, परत आलेले सहा.

खव्याच्या जिलबीच्या दुकानाशी आम्ही थांबलो. काळीभोर, जाड, तुपाळ जिलबी. आमच्याकडची पिवळी कुरकुरीत जिलबी हिची दूरची बहीणही लागत नाही. प्रणयनं तीन खाल्ल्या. त्रिवेणीनं एक हातात धरून ठेवली. तिचा घसा बसला होता.

“इथल्या लोकायले मानसं दिसत नाही का, मॅडम?” तिनं विचारलं.

“दिसतात,” मी म्हटलं, “पण फार दिसतात ना गं. सगळ्यांना राम राम करत बसले तर कामं कोण करणार?”

“मंग करतात तरी कोनाले?”

मी तिला जिलबी खा म्हटलं.

तळघरातली खानावळ

ललिताची खानावळ नेपियर टाउनमध्येच, कोचिंग क्लासेसच्या गल्लीत, एका इमारतीच्या तळघरात आहे. डॉक्टर आणि इंजिनियर व्हायला आलेली गावोगावची मुलंमुली तिथं जेवतात. दुपारी दीडशे ताटं. जिन्यावर रांग, रांगेत पाठीवर पोतडी, कानात मोबाइलच्या तारा.

चार वाजता या, त्याआधी मान वर करायला फुरसत नसते, असं ललितानं फोनवर बजावलं होतं. मी कमानियाहून मुलांसह दीड वाजताच पोचले. मला धीर धरवत नाही, ही जुनी खोड. वर आणखी अक्कल सुचली. त्रिवेणीच्या हातात ताट दिलं आणि म्हटलं, “लाग रांगेत. आईची गंमत करू.”

मी दोन हातांवर, खांबाआड उभी राहिले. त्रिवेणीच्या पुढं आठ मुलं होती, मग पाच, मग एक. तिनं टाचा उंचावल्या, ताट पुढं केलं आणि हसली. टेबलापलीकडे ललिता, मान खाली, दोन्ही हात चालू. भात पडला, वरण पडलं, वाटाण्याची भाजी पडली, चार पोळ्या पडल्या. त्रिवेणी हलली नाही. तिचं हसू हळूहळू ओसरत गेलेलं मी पाहिलं. मग ती अगदी हळू म्हणाली, “राम राम.”

“आगे बढ़ो बेटा, पीछे लाइन है,” ललिता म्हणाली आणि पुढच्या ताटात भात वाढला.

त्रिवेणी पुढं गेली. बाकावर बसली, ताट समोर ठेवलं आणि त्याला हात लावला नाही. गंमत माझी होती आणि ती त्या लेकराच्या अंगावर पडली. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

अडीच वाजता रांग संपली. ललिता पदराला हात पुसत बाहेर आली आणि मला पाहून दचकली. “मॅडम? तुमी चार वाजता येनार होत्या ना? त्रिवेणी कुठं आहे?” मग तिला बाकावर ती दिसली, भरलेलं ताट दिसलं, आणि तिनं धावत जाऊन पोरीला पोटाशी धरलं. त्रिवेणी लाकडासारखी उभी होती.

प्रणयला गप्प बसता येत नाही. “काकू, ते तं तुमच्या रांगेत होती,” तो म्हणाला. “तिनं तुमाले राम राम केला. तुमी पाह्यलंच नाही.”

ललिता माझ्याकडे वळली. “मले? मले राम राम केला तिनं?” आणि मग, आवाज आणखी खाली आणून, “मी परकी झाली का, मॅडम?”

मी म्हटलं, चूक माझी आहे, मी लवकर आले. ते खरं होतं, पण त्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

संध्याकाळच्या भाजीसाठी शहपुऱ्याहून वाटाण्याची दोन पोती आली होती. ललिता आणि आणखी दोघी सोलायला बसल्या, तशी आमची मुलंही बसली. गावच्या मुलांचे हात या कामात वाऱ्यासारखे चालतात. त्रिवेणी आईपासून सर्वांत लांब बसली. ललिता तिच्याकडे न पाहता, जणू वाटाण्यांना सांगावं तसं बोलू लागली.

“मी तोंडं पाहतच नाही, मॅडम. पहिले पाहत होती. आली तेव्हा. एखादं पोरगं सुकलेलं दिसे, एखादी पोरगी रडून आलेली दिसे. तोंडाकडे पाह्यलं का हात आखडत नाही ना. दोन पोळ्या जास्त जाते. मंग शेवटच्या पोरायले पुरत नाही, खानावळवाला भैया रागावते. एक दिवस शेवटी वीस पोरं उपाशी गेले. तवापासून ताट पाहतो, तोंड नाही. ताट सगळ्यायचं सारखंच असते.”

तिनं मूठभर वाटाणे परातीत टाकले. “पन मले हे समजलं नाही का मंधात माझ्याच पोरीचं ताट येईल.”

शेंगा फुटल्याचा आवाज येत राहिला. त्रिवेणीनं मान वर केली नाही. संध्याकाळी ललितानं, आज माझ्याजवळ राहा, म्हटलं तेव्हा ती माझ्या पदराआड येऊन उभी राहिली. ललितानं जास्त आग्रह केला नाही. पोह्यांची पिशवी तेवढी छातीशी धरून तिथंच उभी होती.

घरी पोचतो न पोचतो तोच सोमाजींचा फोन. “कशी आहे? टिकल का?” मी म्हटलं, जेवली, बरी आहे, बाकी नंतर सांगते. आयुष्यात मी पालकांना इतकं मिळमिळीत उत्तर कधी दिलं नव्हतं. मनात माझा निकाल जवळजवळ लागला होता. पोर आजोबांजवळ बरी. नाल्याचं काहीतरी करू.

जेवताना मी सुमनताईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. “मी लग्न होऊन आली ना, तं पहिले सहा महिने गॅलरीत उभी राहून रडत होती,” ती म्हणाली. “इतके लोक, पन माझं कोनी नाही. मग एक दिवस समोरच्या बाईनं विचारलं, ‘दीदी, पानी आया क्या?’ बस. दुसऱ्या दिवशी मी विचारलं. अब चालीस साल हो गए, रोज विचारतो आम्ही एकमेकीले. पानी आलेलं दिसत असते, तरी विचारतो.”

त्रिवेणी वरणात पोळी बुडवून खात होती. ऐकते आहे की नाही, काही कळत नव्हतं.

ग्वारीघाट, आणि पुन्हा तळघर

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी आम्हाला ग्वारीघाटावर घेऊन गेले. नर्मदेवर धुकं होतं, नावा पाण्यावर नसून हवेत बांधल्यासारख्या दिसत होत्या. थंडीनं आमची हाडं वाजत होती आणि शेजारी म्हातारी माणसं खुशाल डुबक्या मारत होती. आचलनं पाण्यात दिवा सोडला, प्रणयनं काठावरूनच लिफ्टपेक्षा नाव बरी असा निकाल दिला. भाऊजी एका नाववाल्याशी वाटाण्याच्या भावावर बोलत बसले. त्यांची रोजची ओळख.

त्रिवेणी पायरीवर माझ्याजवळ येऊन बसली. कालपासून पहिल्यांदाच आपणहून बोलली.

“मॅडम, आईच्या खानावळीत जेवनारे पोट्टे रोज तेच असतात का?”

“तेच असतात. वर्षभर, दोन वर्षं.”

तिनं पायानं पाणी हलवलं. “मंग ते कमानियासारखे नाही. ते तं गावच झालं.”

“हो,” मी म्हटलं. “आपल्यासारखंच एक गाव झालं.”

“आनि आई त्या गावात कोनालेच राम राम करत नाही.” हे ती रागावून म्हणाली नाही. काळजीनं म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “एकटीले नाही जमत तिले. हात गुंतले राहतात ना.”

मग ती उठली आणि म्हणाली, खानावळीत जाऊ. मी म्हटलं, चार वाजता जाऊ, आज तरी घाई नको. तर म्हणाली, “नाही, दीड वाजता.”

दीड वाजता आम्ही जिन्याच्या रांगेच्या कडेनं खाली उतरलो. ललिता टेबलामागे होती. त्रिवेणी सरळ टेबलाच्या आत शिरली. भाजीचा रिकामा क्रेट ओढला, पालथा घातला आणि आईच्या शेजारी त्यावर उभी राहिली. ललिताच्या हातातला डाव तसाच राहिला.

“तू ताटं पाह्य,” त्रिवेणी म्हणाली. “मी तोंडं पाहीन.”

आणि पहिल्या मुलाला हात जोडून म्हणाली, “राम राम.”

तो मुलगा गोंधळला. मागं वळून पाहिलं, आपल्यालाच का. मग त्यानं कानातली तार काढली आणि म्हणाला, “राम-राम जी।” मागची मुलं हसली. हसली तरी तीही तार काढू लागली, कारण आता पाळी त्यांची होती. राम राम. राम-राम छोटी दीदी. राम राम. कुणी जोरात ओरडून घेतला, कुणी लाजून. एक उंच, चष्मेवाली मुलगी मात्र ताट धरून थांबलीच. “मेरे दादाजी ऐसे बोलते हैं,” ती म्हणाली आणि ओठ दाबले. त्रिवेणीनं आईला कोपर मारलं. ललितानं मान वर केली, त्या मुलीकडे पाहिलं आणि एक पोळी जास्त ठेवली.

मग काय, मान पुन्हा पुन्हा वर होऊ लागली. कोपराची खूण आली की ललिता बघे, आणि बघितलं की हात सैल. खानावळवाला भैया दारातून म्हणाला, “ललिता दीदी, लाइन थोड़ी तेज चलाओ।” त्रिवेणीनं त्यालाही राम राम केला. त्यानं राम राम घेतला आणि आत गेला.

आता हे गोड लिहून सोडून देणं मला जमणार नाही. ललिता म्हणाली होती ते खरं होतं. शेवटच्या सात मुलांना पोळ्या पुरल्या नाहीत. ललितानं जीभ चावली आणि पीठ भिजवायला घेतलं. मी पदर खोचला आणि लाटायला बसले, तीस वर्षं खडू धरलेल्या हातानं. ती सात मुलं थांबली. एकानं घड्याळ पाहिलं, पण गेला कुणी नाही. माझ्या पोळ्यांचे नकाशे पाहून त्यांनी जे तोंड केलं तेवढं सोडलं तर कुणाची तक्रार नव्हती.

सगळं आवरल्यावर आम्ही जेवायला बसलो. ललिता ताट घेऊन आली तर त्यात भात होता आणि तळाचं वरण. भाजी संपली होती. त्रिवेणीनं ते पाहिलं, आपल्या ताटातली अर्धी भाजी आईच्या ताटात लोटली आणि जेवू लागली. ललिता जेवताना रडत होती आणि जेवतही होती. त्या रात्री त्रिवेणी आईच्या खोलीवर राहिली. मला विचारलंही नाही.

परत

चौथ्या दिवशी सकाळी सगळे स्टेशनवर आले होते. ललितानं दोन तासांची सुट्टी काढली होती. पीहूनं आचलला आपली खोडरबराची डबी दिली आणि पहिल्यांदा मराठीत बोलली, “परत ये.” ते दोन शब्द तिनं घरून घोकून आणले असावेत, कारण लगेच आजोबांच्या मागे लपली.

गाडी लागली. त्रिवेणीनं सुमनताईला राम राम केला, भाऊजींना केला, पीहूलाही केला. ज्यानं आम्हाला आणलं त्या ऑटोवाल्याला केला, डब्याच्या दारातल्या टीसीला केला. मग ती आईसमोर आली. ललिता अगदी ताठ उभी होती.

त्रिवेणीनं हात जोडले नाहीत. आईच्या खांद्यावरचा पदर नीट केला आणि दटावल्यासारखं म्हणाली, “तू शेवटी जेवत नको जाऊ. भाजी राहत नाही. पहिले जेवत जाय, मंग वाढत जाय.”

“हो वं माय,” ललिता म्हणाली.

गावात पोचलो तर सोमाजी शाळेच्या ओट्यावर बसलेले. केव्हापासून, कोण जाणे. प्रणय आणि आचल जिलबीचे पुडे घेऊन घराकडे पळाली. त्रिवेणी फाटकाजवळ शेळीच्या करडाशी बोलत थांबली. सोमाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“टिकल का, मॅडम?”

मी त्यांना सगळं सांगितलं. स्कूटरवाल्या काकांचं, कमानियाचं, पालथ्या क्रेटचं. पहिल्या दिवशी तिनं आईला राम राम केला, तेही लपवलं नाही. ते ऐकून त्यांची मान खाली गेली. मग मी शेवटचं सांगितलं.

“निघताना स्टेशनात तिनं सगळ्यांना राम राम केला. टीसीलासुद्धा. आईला नाही केला.”

“नाही केला?”

“नाही. जेवणावरून रागावली तिला.”

सोमाजी दोन्ही हात गुडघ्यांवर फिरवत राहिले.

“मंग झालं तिचं घर तिथं,” ते म्हणाले. “धाडतो जूनमधी.” आणि थोड्या वेळानं, नजर फाटकाकडे ठेवून, “मॅडम, दिवाळीत येईल तवा मले तं राम राम नाही करनार ना?”

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात फाटकातून त्रिवेणी ओरडली, “आबाजी, चाल ना लवकर. थंडीत बसून राहिला, गुडघे दुखतीन मंग.”

सोमाजी ओट्याला हात लावून उठले आणि तिच्याकडे चालू लागले.